भरती ते ओहोटी : खाडीकाठी उपकरणे बाहेरील बॅटरीवर कशी चालवावीत

ठाणे खाडीतील रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, घड्याळ पाळत नाहीत, पाणी पाळतात. ओहोटी लागून चिखल उघडा पडला की ते खाडीत चरायला उतरतात आणि भरती चढू लागली की नवी मुंबईतील नेरूळ-सीवूड्सच्या बाजूच्या पाणथळ जागांवर विसाव्याला येतात. भरतीच्या माथ्यापासून ओहोटीच्या तळापर्यंत साधारण सव्वासहा तास जातात. पक्ष्यांची ही ये-जा ध्वनिमुद्रित करायची, कॅमेऱ्याने दर काही सेकंदांनी एक छायाचित्र टिपायचे आणि फोनवर नोंदी ठेवायच्या, असा बेत असेल तर कॅमेऱ्यातील बॅटरी आणि रेकॉर्डरमधील दोन पेन्सिल सेल इतका वेळ पुरत नाहीत. मध्येच सेल बदलायला उठावे, तर नेमका तेव्हाच थवा उडतो. म्हणून बाहेरून वीज देणे भाग पडते. मोठी पॉवर बँक विकत घेतली की हा प्रश्न सुटतो असे पुष्कळांना वाटते, मलाही एके काळी वाटत होते. प्रत्यक्षात बॅटरी संपल्यामुळे काम थांबण्याचे प्रसंग थोडे असतात. बॅटरीत वीज शिल्लक असूनही ती उपकरणापर्यंत न पोहोचल्यामुळे काम थांबते, हे त्याहून कितीतरी अधिक वेळा घडते.

आधी उपकरणाची भूक मोजावी

माहितीपत्रकातला आकडा किंवा अॅडॉप्टरवर छापलेला आकडा यांवर हिशेब बेतू नये. अॅडॉप्टरवर ‘५ व्होल्ट, २ अँपिअर’ असे लिहिलेले असते, ती अॅडॉप्टरची कमाल क्षमता असते. उपकरण त्याच्या दहाव्या हिश्श्यावरही चालत असेल. पॉवर बँक आणि उपकरण यांच्या मध्ये बसणारे छोटे यूएसबी मीटर काही शे रुपयांत मिळते. मुंबईतील इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारापर्यंत, लॅमिंग्टन रोडपर्यंत, जाण्याचीही गरज नाही, ऑनलाइन मागवता येते. ते मध्ये बसवून उपकरण खऱ्या कामावर तासभर चालवावे आणि तासाअखेर मीटरवर जमा झालेला वॉट-तासांचा, म्हणजे एकूण खर्च झालेल्या विजेचा, आकडा टिपून घ्यावा. मीटरवर क्षणोक्षणी बदलणाऱ्या अँपिअरच्या आकड्याकडे पाहत बसण्यात अर्थ नसतो, कारण छायाचित्र टिपताना, कार्डावर लिहिताना आणि पडदा उजळताना तो वरखाली होतच राहतो.

एक खबरदारी मात्र आवश्यक आहे. उपकरणात स्वतःची बॅटरी असेल तर मोजणीपूर्वी ती पूर्ण चार्ज करून घ्यावी. तसे न केल्यास उपकरण चालवण्याची वीज आणि आतील बॅटरी भरण्याची वीज एकत्र मोजली जाते आणि मिळणारा आकडा निरुपयोगी ठरतो.

हिशेब वॉट-तासांत करावा

पॉवर बँकेवर ठळक छापलेला १०,००० मिलिअँपिअर-तासांचा आकडा तिच्या आतील लिथियम सेलचा असतो आणि त्या सेलचे व्होल्टेज सुमारे ३.७ असते. दहा अँपिअर-तासांना ३.७ ने गुणले की ३७ वॉट-तास येतात, आणि हीच त्या बँकेची खरी पुंजी होय. आतील सर्किट हे व्होल्टेज ५ किंवा ९ पर्यंत चढवते, त्यात दहा-पंधरा टक्के ऊर्जा उष्णतेच्या रूपाने जाते. म्हणूनच ५ व्होल्टला मोजल्यास १०,००० च्या बँकेतून सहा-साडेसहा हजार मिलिअँपिअर-तासच हाती लागतात. यात फसवणूक नाही. लेबलावर बारीक अक्षरांत ‘रेटेड कपॅसिटी’ म्हणून बहुधा हाच कमी आकडा दिलेला असतो, मात्र तो वाचण्यासाठी चष्मा लावावा लागतो.

माझ्या संचाचे उदाहरण घेऊ. रेकॉर्डर सरासरी १.२ वॉट घेतो, दर दहा सेकंदांनी छायाचित्र टिपणारा कॅमेरा २.८ वॉट आणि नकाशा व नोंदी चालू असलेला फोन २ वॉट. एकूण ६ वॉट झाले. मांडामांड धरून सात तास काढायचे असतील तर ४२ वॉट-तास लागतात. रूपांतरातील घट धरण्यासाठी ०.८५ ने भागल्यावर सुमारे ४९ येतात. त्यात एक तृतीयांश राखीव मिळवली की बेरीज ६५ च्या घरात जाते. राखीव ठेवण्यात कंजुषी करू नये. बॅटरी दोन वर्षे जुनी असते, पाणी उशिरा उतरते, आणि पक्षी तर आपल्या हिशेबाला बांधलेले नसतातच.

या हिशेबाने २०,००० ची, म्हणजे ७४ वॉट-तासांची एक बँक पुरते. तरीही मी १०,००० च्या दोन बँका घेतो. एकीवर कॅमेरा आणि दुसरीवर रेकॉर्डर चालतो. फोनला लागणारे १४ वॉट-तास त्याच्या स्वतःच्या ५,००० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीतून निघतात, कारण ती सुमारे १९ वॉट-तासांची असते. दोन बँका घेण्यामागे दोन कारणे आहेत. एक कारण रेकॉर्डिंगच्या आवाजाशी संबंधित आहे, त्याविषयी पुढे लिहिले आहे. दुसरे कारण असे की, अनेक पॉवर बँकांच्या एका तोंडात नवीन केबल खोचली की सर्वच तोंडांचा पुरवठा क्षणभर तुटतो आणि व्होल्टेज नव्याने ठरते. फोन चार्जिंगला लावला आणि त्याच क्षणी रेकॉर्डर बंद पडला, असा प्रकार घडतो. बँक विकत घेतल्यावर पहिल्याच दिवशी घरी याची चाचणी घ्यावी.

बॅटरीचा प्रकार ठरवावा

एकूण गरज शंभर वॉट-तासांच्या आत असेल आणि सगळी उपकरणे यूएसबीवर चालणारी असतील तर पॉवर बँकेपलीकडे पाहण्याचे कारण नाही. बारा व्होल्टची गरज असणारी उपकरणे असतील, उदाहरणार्थ हॅम रेडिओचा संच, दुर्बिणीची मोटर किंवा भिंगावर दव धरू नये म्हणून गुंडाळायची तापपट्टी, तर दोन पर्याय उरतात.

पहिला पर्याय यूपीएसमध्ये असते ती १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची बंद शिसे-आम्ल बॅटरी. ती स्वस्त असते आणि गल्लीतल्या दुकानातही मिळते. तिचे वजन मात्र दोन किलोंच्या वर असते. तिची कागदावरची क्षमता ८४ वॉट-तास असली तरी ती टिकवायची असल्यास निम्म्याहून अधिक वापरू नये. शिवाय ही क्षमता वीस तासांत सावकाश रिकामी करण्याच्या हिशेबाने दिलेली असते, त्यामुळे जोरात ओढल्यास तेवढीही मिळत नाही. काही वेळ भार काढून ठेवल्यावर तिचे व्होल्टेज १२.२ च्या आसपास दिसले, तर ती निम्मी संपली असे समजावे.

दुसरा पर्याय लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचा. तिच्या प्रत्येक सेलचे व्होल्टेज ३.२ असल्याने चार सेलांचे १२.८ होते, ती वजनाला निम्म्याहून हलकी असते, जवळजवळ पूर्ण वापरता येते आणि हजारो वेळा चार्ज होते. तिची एक खोड मात्र आहे. तिचे व्होल्टेज शेवटपर्यंत सपाट राहते आणि अखेरीस एकदम कोसळते, त्यामुळे किती शिल्लक आहे हे व्होल्टमीटरवरून कळत नाही. तिच्यासाठी १४.६ व्होल्टला थांबणारा तिचाच चार्जर वापरावा. सुटे लिथियम सेल जोडून संरक्षक सर्किटाशिवाय घरगुती संच बनवण्याच्या फंदात सामान्य वाचकाने पडू नये.

विमानाने जाणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो की पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात चालत नाहीत. १०० वॉट-तासांपर्यंतच्या हातातील सामानात नेता येतात आणि १०० ते १६० मधल्यांसाठी विमान कंपनीची परवानगी लागते.

पॉवर बँकेची झोप मोडावी

या विषयात सर्वांत जास्त घात कशाने होत असेल तर तो या एका गोष्टीने. पॉवर बँक फोन चार्ज करण्यासाठी बनवलेली असते. फोन भरला की प्रवाह घटतो आणि बँक ते पाहून स्वतःला बंद करते. ही मर्यादा बहुतेक बँकांमध्ये ५० ते १०० मिलिअँपिअरच्या दरम्यान असते. छोटा रेकॉर्डर पडदा विझल्यावर याहून कमी प्रवाह घेऊ शकतो आणि दोन छायाचित्रांच्या मध्ये झोपणारा कॅमेराही. मग बँकेला वाटते की काम संपले.

नेरूळच्या तळ्याकाठी एका पहाटे माझ्या बाबतीत नेमके हेच झाले. तेव्हा माझा रेकॉर्डर जुना आणि अत्यंत अल्पाहारी होता. बँक भरलेली, रेकॉर्डर चालू, दिवा लाल, सर्व काही ठीक दिसत होते. पडदा विझल्यानंतर अर्ध्या मिनिटात बँक झोपली आणि आत सेल घातलेले नसल्यामुळे रेकॉर्डरही बंद पडला. अडीच तासांनी मी ते पाहिले तेव्हा मधला सगळा थवा उडून गेलेला होता. त्यातही वाईट भाग असा की, सुरुवातीची काही मिनिटे जी मुद्रित झाली होती, तीही उघडेनात. फाइल रीतसर बंद होण्यापूर्वी वीज गेली तर फाइलच्या आरंभी तिची लांबी नोंदली जात नाही आणि साध्या प्लेअरला ती रिकामी दिसते. तेव्हापासून मी रेकॉर्डरला दर पंधरा मिनिटांनी नवीन फाइल सुरू करण्याची सूचना देऊन ठेवतो, म्हणजे घोटाळा झालाच तर नुकसान पंधरा मिनिटांपुरते राहते.

उपाय तीन आहेत. काही बँकांमध्ये घड्याळे व कानातल्या हेडफोनसाठी कमी प्रवाहाची सोय असते आणि बटण दोनदा किंवा लांब दाबल्यावर ती सुरू होते. परंतु अनेक बँकांत ही सोय दोनेक तासांनी आपोआप संपते, म्हणून तेवढ्यावर विसंबू नये. दुसरा उपाय म्हणजे त्याच बँकेवर एक छोटा कायमचा भार लावणे. ५ व्होल्टच्या तारांमध्ये ४७ ओहमचा रोधक (रेझिस्टर) आडवा जोडला की सुमारे १०६ मिलिअँपिअर प्रवाह सतत वाहतो. त्यात अर्धा वॉट खर्च होतो, म्हणून रोधक २ वॉटचा घ्यावा, कारण लहान रोधक चटका बसेल इतका तापतो. सात तासांत ही उधळपट्टी चार वॉट-तासांच्या आत राहते. तिसरा आणि माझ्या मते सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे उपकरणात चांगले सेल घालूनच ठेवणे. बाहेरची वीज गेल्यास बरेच रेकॉर्डर आतल्या सेलवर सरकतात. मात्र सगळेच सरकत नाहीत, म्हणून मुद्रण चालू असताना केबल उपटून एकदा घरीच खात्री करून घ्यावी.

व्होल्टेज जुळवावे

कॅमेऱ्यासाठी डमी बॅटरी मिळते. ती आकाराने मूळ बॅटरीसारखी असते, पण आत सेलऐवजी फक्त जोडणी असते आणि तिची केबल बॅटरीच्या दारातील रबरी खाचेतून बाहेर येते. दोन लिथियम सेलच्या बॅटरीवर चालणाऱ्या कॅमेऱ्याला ७.२ ते ८.४ व्होल्ट लागतात. यूएसबीवर चालणाऱ्या डमी बॅटऱ्यांपैकी काही साध्या ५ व्होल्टवरून व्होल्टेज चढवतात, तर काहींना पॉवर डिलिव्हरीचे, म्हणजे यूएसबीवरून ५ पेक्षा जास्त व्होल्टेज मागून घेण्याच्या पद्धतीचे, ९ व्होल्ट लागतात आणि ते न मिळाल्यास कॅमेरा सुरूच होत नाही किंवा शटर दाबताच मरतो. विकत घेताना हे विचारून घ्यावे.

पॉवर डिलिव्हरीच्या ठरलेल्या पायऱ्या ५, ९, १५ आणि २० व्होल्टच्या आहेत. बारा व्होल्टची पायरी सध्याच्या मानकात बंधनकारक नाही, म्हणून बारा व्होल्ट मागणारी ट्रिगर केबल एका बँकेवर चालते आणि दुसरीवर गुपचूप ९ व्होल्ट देते. अशी केबल लावल्यावर उपकरण जोडण्यापूर्वी मल्टिमीटरने व्होल्टेज पाहावे.

बारा व्होल्टच्या बॅटरीवरून कमी व्होल्टेजचे उपकरण चालवायचे असल्यास व्होल्टेज उतरवणारा छोटा कन्व्हर्टर वापरावा. त्याच्यावरील बारीक स्क्रू फिरवून व्होल्टेज ठरवता येते आणि तोच त्याचा धोकाही आहे. उपकरण न जोडता आधी व्होल्टेज लावावे, मल्टिमीटरने दोनदा पाहावे आणि मग स्क्रूवर नेलपॉलिशचा एक थेंब टाकून तो पक्का करावा. बॅगेत धक्के लागून हा स्क्रू सरकतो. गोल पिनच्या बाबतीत मधले टोक धन की ऋण, हे उपकरणावरील छोट्या आकृतीवरून पडताळावे. पिनेचे ५.५ बाय २.१ आणि ५.५ बाय २.५ मिलिमीटर हे दोन प्रकार डोळ्यांना सारखेच दिसतात. यातील चुकीचा प्लग बसल्यासारखा वाटतो आणि हात लागला की वीज तुटते.

वायर आणि फ्यूज

स्वस्त यूएसबी केबलमधील बारीक तारेचा रोध मीटरमागे ०.२ ओहमच्या आसपास असू शकतो. दोन मीटरच्या केबलमध्ये वीज जाऊन-येऊन चार मीटर फिरते, म्हणजे ०.८ ओहम. एक अँपिअर प्रवाहाला तिथेच ०.८ व्होल्ट पडतात आणि पाचाचे ४.२ होतात. पॉवर बँक निम्मी भरलेली असताना कॅमेरा ‘बॅटरी कमी’ म्हणू लागला, तर बँकेला दोष देण्याआधी केबल बदलून पाहावी. केबल जाड आणि आखूड असावी. अंतर लांबच न्यायचे असेल तर ते बारा व्होल्टवर न्यावे आणि उपकरणाजवळ व्होल्टेज उतरवावे. ०.७५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरने पाच मीटर अंतरावर एक अँपिअर नेताना पाव व्होल्टच्या आसपास घट होते, आणि बारातून पाव गेल्याने कुणाचे बिघडत नाही.

बारा व्होल्टच्या बॅटरीला फ्यूज लावल्याशिवाय घराबाहेर काढू नये. सात अँपिअर-तासांची साधी बॅटरीही टोके एकमेकांना भिडल्यास क्षणात शंभरावर अँपिअर देऊ शकते, तेवढ्याने वायर लाल होते आणि बॅग पेटते. गाडीत असतात तसा चपटा फ्यूज धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत बसवावा. भार एक अँपिअर असेल तर दोन-तीन अँपिअरचा फ्यूज पुरे. वाहतुकीत दोन्ही टोकांवर टोप्या किंवा इन्सुलेशन टेप असावी.

हेडफोन लावून ऐकावे

ध्वनिमुद्रण करणाऱ्यांसाठी हा टप्पा टाळण्यासारखा नाही. व्होल्टेज बदलणारे प्रत्येक सर्किट सेकंदाला हजारो-लाखो वेळा उघडझाप करते. ही गती ऐकण्याच्या पट्ट्याबाहेर असली तरी भार कमी असताना अनेक सर्किटे थांबत-थांबत काम करतात आणि तेव्हा बारीक शिट्टी किंवा टिकटिक मुद्रणात उतरते. रस्त्याच्या गोंगाटात ती कळत नाही. पहाटे पाच वाजता, पामबीच रस्ताही शांत असताना, तीच सर्वांत मोठी वाटते. घरी दारे-खिडक्या बंद करून, संवेदनशीलता प्रत्यक्षात ठेवणार तेवढीच ठेवून, आधी आतल्या सेलवर आणि मग बाहेरच्या बॅटरीवर मुद्रण करावे आणि दोन्ही एकापाठोपाठ ऐकावे.

कॅमेरा आणि रेकॉर्डर एकाच बॅटरीवर असून शिवाय एकमेकांना ऑडिओ केबलनेही जोडलेले असतील तर ऋण तारेचे वर्तुळ पूर्ण होते आणि घूं असा आवाज येतो. दोन वेगळ्या बँका घेण्याचे आवाजाशी संबंधित कारण म्हणून वर सांगितले ते हेच होय. रेकॉर्डरला स्वतंत्र बँक दिली की हा दोष बहुधा जागच्या जागी नाहीसा होतो. राहिलीच शिट्टी, तर केबलवर फेराइटचा मणी, म्हणजे विजेतला गोंगाट अडवणारे छोटे चुंबकीय कडे, चढवून पाहावा. तेवढ्यानेही भागले नाही तर त्या दिवशी रेकॉर्डर मुकाट्याने सेलवर चालवावा.

खारी हवा, चिखल आणि ऊन

खाडीकाठच्या हवेत मीठ असते. तांब्याच्या भांड्यावर चढतो तसा हिरवा कळंक कनेक्टरवर काही आठवड्यांत दिसू लागतो आणि तिथला रोध वाढतो. पॉवर बँक झाकणाच्या प्लास्टिक डब्यात ठेवावी, केबल डब्याच्या बाजूच्या भोकातून काढावी आणि भोकाबाहेर तिला खाली झोका द्यावा, म्हणजे केबलवरून ओघळणारे पाणी झोक्याच्या तळाशी गळून पडते, आत शिरत नाही. डबा जमिनीवर न ठेवता तिपाईला टांगावा. उधाणाच्या दिवशी, अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, पाणी नेहमीच्या रेषेपुढे येते. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरतीला, ही भीती कमी. डब्यावर थेट ऊन पडू देऊ नये आणि बंद गाडीत तर तो कधीच विसरू नये, कारण लिथियम सेलचे आयुष्य उष्णतेने झपाट्याने घटते.

ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून सुटणाऱ्या बोटीवर संच न्यायचा असेल तर शिसे-आम्ल बॅटरी घरी ठेवावी. लोकांच्या पायांत येईल असे काहीही पसरू नये. ठाणे खाडीचा हा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आणि २०२२ पासून रामसर स्थळ आहे, तेव्हा तारा झुडपांना बांधणे किंवा कांदळवनात शिरणे हा विचारही करू नये.

घरी परतल्यावर

कनेक्टर आधी गोड्या पाण्याने ओलसर केलेल्या फडक्याने आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत आणि पूर्ण वाळल्यावरच चार्जिंग लावावे. पुढची फेरी महिनाभराने असेल तर लिथियम बॅटरी निम्म्याच्या आसपास भरून ठेवावी. शिसे-आम्ल बॅटरीचे याच्या नेमके उलट असते. ती त्याच संध्याकाळी पूर्ण भरावी, रिकामी राहिली तर तिच्या पट्ट्यांवर गंधकाचे क्षार घट्ट बसतात आणि ती पुन्हा पूर्ण भरत नाही. फुगलेली पॉवर बँक वापरू नये, टोचू नये आणि ओल्या-सुक्या कचऱ्यातही टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे, आणि शिसे-आम्ल बॅटरी तर दुकानदार नव्या बॅटरीच्या किमतीत वळती करून आनंदाने घेतो.

शेवटी, किती तास चालले आणि बँकेत किती टक्के उरले, एवढे दोन आकडे तारखेसह डब्याच्या झाकणाच्या आतील बाजूस पेन्सिलीने लिहावेत. माझ्या कॅमेऱ्याच्या बँकेच्या झाकणावर सुरुवातीला सात तासांनंतर ३५ टक्के उरल्याची नोंद आहे आणि अलीकडे त्याच कामानंतर १४ ची. ती बँक आता बदलायला झाली आहे.